माशांचा बंदोबस्त

३ ऑगस्ट

मेलेल्या कोंबड्यांची नोंद कंपनी आता मोबाइलवर घेते. त्यामुळे बँकेने दिलेली ही डायरी रिकामी पडली. रिकामी वस्तू घरात ठेवायची मला सवय नाही. वीस वर्षं ट्रक चालवला, गाडी रिकामी परत आणावी लागली की मला जेवण जात नसे. तेव्हा आजपासून यात मी स्वतःचीच नोंद करणार आहे.

नाव चांगदेव घरत. गाव अलिबागकडून येताना रेवदंड्याच्या अलीकडे. ट्रक विकून घरामागे शेड घातली, पाच हजार ब्रॉयलर कोंबड्यांची. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं, वाढवायचं मी. सहा आठवड्यांत पिल्लू दोन किलोचं होतं, मग कंपनीची गाडी येऊन घेऊन जाते. आता शेजारी दुसरी शेड घालायची आहे. त्याला २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेचा ना हरकत दाखला लागतो. तो मिळेल. गावात आपल्याला मान आहे. एसटीत बसलो तर माझ्या बाजूच्या सीटवर कुणी बसत नाही. गर्दीत उभे राहतील, पण बसणार नाहीत.

६ ऑगस्ट

श्रावण लागला. चिकनचा खप पडला. तयार माल उचलायला कंपनीची गाडी येत नाही, कोंबड्या शेडमध्ये दाटीवाटीने बसून आहेत. खाली अंथरलेला भाताचा तूस ओला झालाय.

कृष्णाबाईने, म्हणजे आमच्या मंडळींनी, वशाट सोडल्याला वर्ष झालं. मी समजत होतो मागच्या श्रावणापुरतं आहे. श्रावण गेला, दिवाळी गेली, शिमगा गेला, बाई कोंबडीला शिवली नाही. विचारलं तर म्हणते, “मन उडाला माजा.” देवाधर्माचं काही असेल, मी खोलात जात नाही. मला मात्र रोज रांधून वाढते. वाढताना पदर नाकातोंडावर घेते. लग्नाला तीस वर्षं झाली, पण नवऱ्यासमोरची लाज अजून गेलेली नाही. हल्ली असं बघायला मिळत नाही.

९ ऑगस्ट

अमिषाचा खारघरहून फोन. रेंज तुटत होती. “पप्पा, मी आता वेगन...” एवढंच ऐकू आलं आणि कट. मला भरून आलं. पोरीने वॅगन आर घेतली! बापाला विचारलं नाही, पण घेतली. शेजारच्या जलीलभाईला जाऊन सांगितलं. जलीलभाई बारा वर्षं कुवेतला होता. आता घरामागे बर्फाच्या पेट्यांत मासळी भरून अलिबागच्या हॉटेलांना पोचवतो. त्याने तैयबाभाभींना हाक मारून खजूर मागवले. दोघांनी तोंड गोड केलं.

११ ऑगस्ट

अमिषा आली, एसटीने. मी गाडी बघायला रस्त्यावर उभा होतो.

गाडी नाही. वेगन म्हणजे मटण नाही, मच्छी नाही, अंडं नाही, दूधसुद्धा नाही. मी म्हटलं, मग राहिलं काय? ती म्हणाली, “आई वर्षभर जे जेवतेय तेच.” आता हे जलीलभाईला कसं सांगायचं? त्याने त्याच्या मुलाला, हुझैफाला, दुबईला फोनसुद्धा केलाय.

जेवताना माझ्या धंद्यावर घसरली. दोन किलोच्या कोंबडीला खाद्य किती लागतं? मी म्हटलं, सव्वातीन किलो, जिल्ह्यात माझ्यासारखा हिशोब कुणाचा नाही. ती म्हणाली, “म्हणजे सव्वातीन किलो मका-सोयाबीन घालून दोन किलो कोंबडी. त्यातली पिसं, आतडी, पाय काढून मांस किती? मका पिकवायला पाणी लागलं, जमीन लागली, ट्रकला डिझेल लागलं. माणसाने ते धान्यच खाल्लं तर?” मी म्हटलं, माणूस चव बघतो, कोंबडी बघत नाही. हिशोब तिचा बरोबर होता. इथे लिहून ठेवतो, तिला बोललो नाही.

मग विचारलं, “पप्पा, ही सगळी विष्ठा पावसात कुठे जाते?”

“जमिनीत.”

“आणि जमिनीतून?”

“आणखी खाली.”

यावर कृष्णाबाई पानावरून उठून गेली. तिला भूक कमी लागते हल्ली.

१२ ऑगस्ट

अमिषा सकाळच्या गाडीने गेली. जाताना आमच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून नेलं. शहरात राहिली तरी गावच्या पाण्याची ओढ सुटत नाही. मला बरं वाटलं.

१४ ऑगस्ट

कामाला अलिबागला गेलो होतो. कृष्णाबाईचा व्हॉट्सअॅप आला: “येताना माशांचा औषद आना.” मी दुकानात उभा राहून उत्तर लिहिलं: माशांना औषध लागत नाही, माश्यांना लागतं. माशी, माश्या, माश्यांचा. मासा, मासे, माशांचा. मध्ये ‘य’ आहे, तो खाऊ नये. तिने अंगठा पाठवला. सातवी पास बाई, पण शिकवलेलं ऐकून घेते.

औषध आणायचं राहिलं. मला तर माश्या फार वाटत नाहीत. शेडमध्ये असतात, स्वयंपाकघरात असतात, पण त्या असतातच.

१९ ऑगस्ट

गावात खळबळ. पंचायतीत निनावी तक्रार आली आहे. ग्रामसेवक शिवदास भाऊंनी मला वाचून दाखवली: “आमच्या आळीत माशांचा फार त्रास हाय. घास तोंडात जात न्हाय. बावीचा पानी पिववत न्हाय. बंदोबस्त करावा. एक रहिवासी.”

सरळ आहे, आमच्या आळीत मासे म्हणजे जलीलभाई. त्याच्या पेट्यांवर कुणाचा तरी डोळा आहे. शिवदास भाऊंनी कागद मासळीखात्याकडे पाठवूनही दिला.

मला संताप आला. बारा वर्षं वाळवंटात राबून माणूस गावी येतो, प्रामाणिक धंदा करतो आणि कुणीतरी नाव न घालता त्याच्या पाठीत वार करतो. मी शिवदास भाऊंना म्हटलं, हा कोण ते मी शोधून काढणार. माझा संशय समुद्राकडच्या बंगलेवाल्यांवर आहे. ‘हाय’, ‘न्हाय’ मुद्दाम घातलंय. शिकलेला माणूस अडाण्याचं सोंग घेऊन लिहितो, ही जुनी युक्ती आहे.

घरी येऊन कृष्णाबाईला सांगितलं. तिच्या हातून पातेलं पडलं. तिचाही तैयबाभाभींवर जीव आहे. रोज संध्याकाळी त्यांच्याकडे बोलत बसायला जाते, जाताना कळशी नेते. बायकांना हातात काहीतरी लागतं.

२३ ऑगस्ट

मासळीखात्याचे साहेब आले. जलीलभाईच्या पेट्या उघडून बघितल्या, सांडपाण्याचा खड्डा बघितला. माणूस सभ्य वाटला. येताच रुमाल नाकाला लावला आणि म्हणाला, इथे वास तर जबरदस्त आहे. जलीलभाईने माझ्याकडे बघितलं. साहेबांनी ग्रामसभेचा निर्णय होईपर्यंत माल ठेवू नका म्हणून सांगितलं.

मी जलीलभाईच्या बाजूने जोरात बोललो. म्हटलं, मी भिंतीला भिंत लावून राहतो, मला कधी वास आला नाही. साहेब माझ्यापासून चार पावलं मागे सरकले. दरारा असा असावा.

ते गेल्यावर जलीलभाईला म्हटलं, तू घाबरू नको, त्या हरामखोराला मी सभेत उभा करतो. तर म्हणतो, “जाने दो, चांगदेवभाय. ज्यानं लिवला त्याला कायतरी तकलीफ असेल ना. गाली नको द्या.” मोठ्या मनाचा माणूस, पण भोळा.

२७ ऑगस्ट

कृष्णाबाई आज पंचायतीत घरपट्टी भरायला गेली. घरपट्टी मी मार्चमध्येच भरली आहे. मी सांगेपर्यंत ती गेली पण. नवी साडी नेसून गेली होती आणि येताना रडून आल्यासारखी दिसत होती. पट्टी दोनदा घेतली की काय विचारलं, तर म्हणाली, “न्हाय, शिवदास भावांना नीट समजावून आले.” चांगलं केलं.

३ सप्टेंबर

आज घात झाला.

शिवदास भाऊ म्हणाले, तक्रारदाराने खुलासा केलाय. मासे नव्हेत, माश्या. घोंगावणाऱ्या. म्हणजे तक्रार माझ्या शेडवर आहे! विहीर म्हणजे माझीच विहीर. जलीलभाई मोकळा झाला, त्याच्या पेट्या कालपासून चालू. आणि दोन तारखेच्या सभेत माझ्या ना हरकत दाखल्यासोबत ही तक्रार चर्चेला येणार.

भाषा अशुद्ध आहे हे मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो.

आता सगळं लख्ख दिसतं. जलीलभाईवर बालंट आलं आणि त्याने ते शिताफीने माझ्या गळ्यात अडकवलं. एका ‘य’वर! म्हणून तो “जाने दो” म्हणत होता. ज्याच्यासाठी मी साहेबांशी भांडलो त्याने माझा गळा कापला. शिवदास भाऊ “तसं नाही, काका, तसं नाही” म्हणत होते, पण नाव सांगायला तयार नाहीत.

कृष्णाबाईला बजावलं, आजपासून त्या घराशी संबंध बंद. तिने विचारलं, “आन् पानी?” मी म्हटलं, पाण्याचा काय संबंध? आपली विहीर दहा पावलांवर आहे. तिने हातातली कळशी खाली ठेवली. मग म्हणाली, “व्हय.”

११ सप्टेंबर

गौरी जेवल्या. आमच्याकडे गौरीला दरवर्षी कोंबडी असते. या वर्षी कृष्णाबाईने वालाचं बिरडं, अळू आणि तांदळाच्या भाकऱ्या ठेवल्या. मी म्हटलं, हे काय? म्हणाली, “गवरीनंच सांगतला.” गौरीने कधी सांगितलं ते विचारलं नाही. सणाचे दिवस आहेत.

बिरडं चांगलं झालं होतं. तीनदा मागून घेतलं.

१५ सप्टेंबर

घरात नवाच प्रकार. अमिषाने बंगलेवाल्यांना आईचा नंबर दिलाय. दर शनिवार-रविवारी त्यांना बिनदुधाचं, बिनअंड्याचं जेवण डब्यात हवं असतं. दुधाऐवजी नारळाचं दूध, तुपाऐवजी तेल. कृष्णाबाई म्हणते, आपण गरिबीत हेच जेवत होतो. मी हसलो. मग पंधरा डबे गेले तेव्हा हसायचा थांबलो.

डब्यांसाठी ती जारचं पाणी विकत घेते. टेम्पोवाला वीस लिटरचे जार पडवीत उतरवतो. घरात विहीर असून पाणी विकत! पण मोठ्या लोकांचं पोट नाजूक असतं. मी म्हटलं, त्यांना जार दे, मला आपल्या विहिरीचं. ती म्हणाली, “तुमाला येगला भरून ठेवलाय.”

२४ सप्टेंबर

जलीलभाई रस्त्यात भेटला, सलाम केला. मी तोंड फिरवलं. नंतर दिवसभर कशात लक्ष लागेना. तीस वर्षांत या माणसाशी मी अबोला धरला नव्हता. माझ्या बापाच्या तेराव्याला मांडव त्याने घातला होता. आज सात कोंबड्या कमी आहेत की जास्त, दोनदा मोजून समजलं नाही.

२ ऑक्टोबर

जिंकलो!

सविस्तर लिहितो. सभेला अख्खं गाव आलं होतं. सरपंच रुचिकाताईंनी तक्रार वाचली: शेडच्या माश्या, शेडचा वास, शेडमुळे विहिरीचं पाणी खराब. मग विचारलं, कुणाला बोलायचंय? कुणी उठेना. सगळे पायाकडे बघतायत. बायकांच्या बाजूला कृष्णाबाई बसली होती, ती अर्धी उठली आणि परत बसली. तिला माझ्या बाजूने बोलायचं असणार, पण एवढ्या माणसांत धीर झाला नाही.

मी उठलो. म्हटलं, माश्यांचं सोडा, माश्या राजाच्या घरी पण असतात. वासाचं म्हणाल तर मी चोवीस तास तिथेच असतो, मला येत नाही. राहिलं पाणी. ज्या विहिरीला तुम्ही नावं ठेवताय तिचं पाणी मी रोज पितो. आत्ता तुमच्यासमोर पितो. कृष्णाबाई, जा, आपल्या विहिरीचं एक तांब्या पाणी घेऊन ये.

कृष्णाबाई उठली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला म्हणाली, “कनाला पिता? ऱ्हाऊ द्या.” मी म्हटलं, आण. ती गेली. आमचं घर पंचायतीला लागून आहे, पण तिला बराच वेळ लागला. बायका वाटेत बोलत बसतात. आली तेव्हा घामाघूम झाली होती.

मी तांब्या वर केला, सगळ्यांना दाखवला आणि घटाघट प्यायलो. गोड, गार. अर्धा तांब्या रुचिकाताईंना दिला. त्यांनी बिचकत एक घोट घेतला, मग उरलेला सगळा प्यायल्या. म्हणाल्या, “काका, पाणी खरंच चांगलं आहे.” टाळ्या! ठराव मंजूर. दुसरी शेड झाली म्हणून समजा.

जलीलभाई मागे उभा होता. तो कृष्णाबाईकडे बघत होता, माझ्याकडे नाही. तैयबाभाभी डोळे पुसत होत्या. हरलेल्या माणसाला वाईट वाटणारच.

घरी आल्यावर कृष्णाबाईने पेढा खाल्ला नाही. डोकं दुखतंय म्हणून पडून आहे.

३ ऑक्टोबर

काल निघताना रुचिकाताई म्हणाल्या होत्या, एक कळशी आमच्याकडे पाठवा. मी ठरवलं, स्वतः नेऊन द्यायची. मोठेपणा दाखवायची हीच वेळ असते.

विहिरीवर मी एरवी जात नाही. शेडचं पाणी मोटारने चढतं आणि घरचं कृष्णाबाई बघते. आज पोहरा सोडला. वर आलेलं पाणी पिवळट होतं, त्यावर फेस होता. म्हटलं, पहिल्या पोहऱ्याला असतं असं. दुसराही तसाच. ओंजळीत घेऊन तोंडात टाकलं.

थुंकलं. काय चव होती ते लिहिता येत नाही. वास मला येत नाही, पण जीभ अजून शाबूत आहे. ते कालचं पाणी नव्हतं.

स्वयंपाकघरात गेलो. कृष्णाबाई वाल सोलत होती. विचारलं, “कालचं पाणी कुठलं?”

“तैयबाच्या बावीचा.”

“आणि रोज मी पितो ते?”

“तैयबाच्याच बावीचा. ती चढाला हाय, तिथं घान झिरपत न्हाय. वर्स झाला. तुमी बंदी घातली तवापासून तिची पोर इनशा मागल्या कुंपनावरून कलशी देते.”

मी खाली बसलो. म्हटलं, “आणि ती तक्रार?”

“मीच केली. दोनी वेला.” हातातला वाल सोलायचा ती थांबली नाही. “तुमाला किती वेला सांगतला, पानी नासलाय. तुमी म्हनायचे, तुजा वहम हाय. मग मी जाऊ कुटं? माशा लिवला तर जलीलभाईवर गेला. मना त्या दिवशी मेल्यासारका झाला. ज्याच्या घरचा पानी पिते त्याच्याच पोटावर पाय.”

मला राग यायला हवा होता. वाट बघितली, आला नाही. एकच गोष्ट डोक्यात बसत नव्हती. म्हटलं, “मग काल पाणी बदललंस कशाला? आपल्या विहिरीचं आणलं असतंस तर सगळ्यांसमोर मी ओकलो असतो. तू जिंकली असतीस.”

तेव्हा तिने वाल खाली ठेवले.

“जिकून काय करू?” म्हणाली. “तुमाला दवाखान्यात मनाच नेयाला लागला असता ना.”

आणि रडायला लागली. मी पण रडलो. खोटं कशाला लिहू?

५ ऑक्टोबर

अमिषाला फोन केला. त्या बाटलीचं काय झालं विचारलं. म्हणाली, “पप्पा, तपासून आणलं तेव्हाच तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, प्रयोगशाळावाले पण शाकाहारी असतील.” हे मी म्हणालो होतो, आठवतं.

विहीर किती दिवसांत साफ होईल, विचारलं. “दिवसांत नाही, पप्पा. आधी वरून झिरपायचं थांबायला हवं. मग उपसायची, पाऊस जाऊ द्यायचा, परत उपसायची. काही पावसाळे जातील.”

संध्याकाळी जलीलभाईकडे गेलो. दारात उभा राहिलो, शब्द सुचेना. एवढंच म्हटलं, “मी गाढव आहे.” तो म्हणाला, “आत तर या.” तैयबाभाभींनी पाणी आणून ठेवलं. मी ते बघत बसलो. वर्षभर यांचं पाणी प्यायलो आणि यांनाच शिव्या दिल्या. जलीलभाई म्हणाला, “भाय, पानीला मना करायचा हक अल्लानं आमाला दिला नाय. पिया.” प्यायलो.

९ ऑक्टोबर

कंपनीचा सुपरवायझर दुसऱ्या शेडचं माप घ्यायला आला. त्याला म्हटलं, दुसरी नाही, आणि पहिलीही या बॅचनंतर बंद. त्याला वाटलं मी भाव वाढवून मागतोय. अर्धा तास समजावत होता की भारतात कोंबडी खाणारे वाढतायत. मी म्हटलं, वाढू देत, माझी विहीर एकच आहे.

रुचिकाताईंना ना हरकत दाखला परत दिला. त्या म्हणाल्या, दाखला परत कसा घ्यायचा, याचा नियम त्यांना माहीत नाही. टेबलावर ठेवून आलो. त्यांनी त्या पाण्याबद्दल परत विचारलं, तेव्हा खरं सांगितलं. बाई हसत सुटल्या, मग दाखला उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला.

खरं लिहितो, मला भीती वाटते. या वयात डबे पोचवून घर चालेल का, माहीत नाही. कृष्णाबाई म्हणते चालेल. ती म्हणते म्हणून मला चालेलसं वाटतं, मला स्वतःला नाही वाटत.

२२ ऑक्टोबर

शेवटची गाडी लागली. रिकाम्या शेडमध्ये एक फेरी मारली. कुणाला पटणार नाही, पण मी पिल्लांवर माया करायचो. कृष्णाबाई म्हणाली, माया करायचा आणि सहा आठवड्यांनी गाडीत भरायचा, हे तिला कधी जमलं नसतं. मी म्हटलं, मला तरी कुठे जमायचं? भरताना मी बाहेर उभा राहायचो.

तूस, खत सगळं उचलून दिलं. शेड धुतली, चुना मारला. विहिरीचा पहिला उपसा झाला.

४ नोव्हेंबर

दिवाळी झाली. अमिषा मला घेऊन जायला आली. म्हणाली, पप्पा, थोडे दिवस माझ्याकडे राहा. आईला डब्यांच्या ऑर्डरी आहेत, ती येणार नाही. निघतोय. डायरी घरीच ठेवतो.

२० नोव्हेंबर

आज परतलो. खारघरला दोन आठवडे सोयाबीन, राजमा, मूग आणि काय काय खाल्लं. वजन कमी झालंय, झोप लागते. येताना एसटीत एक माणूस माझ्या बाजूला येऊन बसला, अलिबागपर्यंत बडबडत होता. ओळख ना पाळख. मला नवल वाटलं.

घराचं फाटक उघडलं आणि थबकलो. नाकात काहीतरी शिरलं, घशापर्यंत गेलं. डोळ्यांतून पाणी आलं. कुंपणाला धरून मी ओकलो. सकाळचे पोहे पडले.

कृष्णाबाई धावत आली, पाठीवर हात फिरवला. मी म्हटलं, “अगं, काय मेलंय? कुत्रं का? कुठे ते बघ, पुरून टाकू.”

ती इकडे तिकडे बघायला लागली. मग तिच्या लक्षात आलं.

“काय मेला न्हाय,” ती म्हणाली. “शेडचा वास हाय. आता तर लय कमी झालाय.”

मी पायरीवर बसलो. तिने पाणी दिलं, मी चूळ भरली. शेड रिकामी, धुतलेली, चुना मारलेली, महिना होत आला. आणि हा कमी झालेला वास.

मग विचारलं, “तेव्हा यापेक्षा जास्त यायचा?”

“भायेर एवडा न्हाय वाटायचा,” ती म्हणाली. “तुमी जेवायला बाजूला बसले की यायचा.”

मी उठलो, आत जाऊन अंघोळ केली. बाहेर आलो तर ती पानं वाढून बसली होती. मी पाट जरा लांब ओढला. तिने तो परत जवळ घेतला.